सहा बेचाळीसचं सेशन

रेडिओच्या खोलीत सकाळी आधी तीन कामं असतात. किटली ठेवायची, हवेचा दाब वहीत लिहायचा आणि पूर्वेच्या खिडकीवर साचलेलं मीठ पुसायचं. ही तिन्ही कामं नोएलीन करायची. मी साडेसहाला दार ढकलून आत आलो की ती फडकं पिळत म्हणायची, "ये, मर्व. समुद्र पुसून ठेवलाय तुझ्यासाठी."

खोली लाकडी आहे. टास्मानियाच्या पूर्व किनाऱ्यावर, नारिंगी दगडफूल चढलेल्या ग्रॅनाइटच्या टोकावर ती बसवलेली आहे. खिडकीखाली नदीचं मुख, मुखाबाहेर वाळूचा दांडा. दर वादळानंतर तो थोडी जागा बदलतो. दांड्याच्या आत, उजव्या हाताला, लाकडी धक्का. गावात बावीस बोटी, बहुतेक शेवंडांचे पिंजरे टाकणाऱ्या. दांडा ओलांडताना प्रत्येक बोट आम्हाला रेडिओवरून चार गोष्टी सांगते. नाव काय, माणसं किती, कुठे चाललो, परत कधी. याला आम्ही नोंद उघडणं म्हणतो. परत आल्यावर ती बोट पुन्हा बोलते आणि नोंद मिटते. मधल्या वेळात ती बोट आमची.

पूर्वी हे कागदाच्या चिठ्ठ्यांवर चालायचं. बोट गेली की चिठ्ठी भिंतीवरच्या खिळ्याला टोचायची. एक नियम माझ्याही आधीपासूनचा होता. बोटीने स्वतः आलो म्हणून सांगितलं, किंवा आपल्यापैकी कुणी ती धक्क्याला लागलेली डोळ्यांनी पाहिली, तरच चिठ्ठी काढायची. बायको सांगते म्हणून नाही, दारूच्या गुत्त्यात कुणी दिसला म्हणून नाही.

मला अक्षरं नोएलीनने शिकवली. बाराव्या वर्षापासून मी बोटींवर होतो. चौतिसाव्या वर्षी खांदा गेला तेव्हा मला स्वतःचं नाव सोडून काही लिहिता येत नव्हतं. ती गावाच्या वाचनालयात मंगळवारी वर्ग घ्यायची. तिथून पुढे मी प्रोग्राम लिहायलाही शिकलो. मला ते शुद्धलेखनापेक्षा सोपं गेलं, कारण चुकलं तर यंत्र हसत नाही. सहा वर्षांपूर्वी मी खोलीसाठी एक प्रोग्राम लिहिला आणि चिठ्ठ्या बंद झाल्या.

आता थोडं त्या प्रोग्रामबद्दल सांगावं लागेल. पुढे जे झालं ते त्यातूनच झालं.

डेटाबेस म्हणजे नोंदींचं कोठार. त्याच्याशी बोलायचं तर सेशन उघडावं लागतं. सेशन म्हणजे एक संभाषण. त्यात विचारायचं, लिहायचं, शेवटी 'पक्कं कर' असं सांगायचं आणि ते मिटवायचं. पक्कं होईपर्यंत लिहिलेलं फक्त त्या संभाषणाच्या आत दिसतं, बाहेर कुणालाही नाही. आणि पक्कं न होताच संभाषण तुटलं, तर ते कधी लिहिलंच नव्हतं असं होतं.

ही सेशनं वाटायचं काम कंटेनर करतो. मी मासळीच्या कारखान्यात होतो तेव्हा हत्यारांच्या खोलीला एक खिडकी होती. पाना हवा असेल तर घरून आणायचा नाही, खिडकीशी मागायचा, काम झालं की परत द्यायचा. कुणाला काय द्यायचं आणि किती वेळ, हे आत बसलेला माणूस बघायचा. कंटेनर म्हणजे तो आतला माणूस. प्रोग्रामचा जो भाग सेशन मागेल त्याला तो देतो आणि वेळ झाली की काढून घेतो. सेशन किती काळ जगू द्यायचं, एवढंच आपण त्याला सांगून ठेवायचं. रीत अशी की एका कामाला एक. बोटीचा एक निरोप आला, एक सेशन दिलं, लिहिलं, पक्कं केलं, मिटवलं.

पाच वर्षं ते तसंच चाललं. फेब्रुवारीत मी ते बदललं.

यंत्र जुनं झालं होतं. एकेक सेशन उघडायला चार-चार सेकंद लागायचे. प्रत्येक बोटीवर एक डबी असते, ती दर दहा मिनिटांनी आपली जागा कळवते. शनिवारी सगळ्या बोटी बाहेर असल्या की निरोपांची रांग लागायची.

"तुझं यंत्र दर वेळी नव्याने ओळख करून घेतं रे," नोएलीन म्हणाली. "बेव्हनला चाळीस वर्षं ओळखते मी. दर दहा मिनिटांनी त्याला नाव विचारत बसले तर तो काठी घेऊन वर येईल."

बेव्हन म्हणजे गावातला जुना बोटवाला. मला ते पटलं. चिठ्ठीचा नियम तर डोक्यात होताच. मी कंटेनरमध्ये एक ओळ बदलली. एका सफरीला एक सेशन. बोट निघाली की उघडायचं, ती परत आली आणि नोंद मिटली की पक्कं करून मिटवायचं. शहरातल्या शिकलेल्या प्रोग्रामरने हे कधी केलं नसतं. आमच्या खोलीत बसणाऱ्या माणसालाच ते बरोबर वाटणार.

निघाल्याची नोंद वेगळी, लगेच पक्की व्हायची; पण त्यानंतरच्या जागा, बोट बाहेर असेपर्यंत, बोटींचे ठिपके दाखवणाऱ्या भिंतीवरच्या पडद्याला दिसणार नाहीत, हे माझ्या लक्षात आलं नाही. पडदा वेगळ्या सेशनमधून वाचतो. तीन आठवडे हवा चांगली होती. सगळे वेळेवर परत आले, आणि कुणी वेळेवर येत असेल तर पडद्याकडे कोण बघतो?

नऊ मार्चला सकाळी सहा बेचाळीसला नोएलीनचा नवरा गार्थ त्याची बोट 'करलू' घेऊन बाहेर पडला. माणूस एक. दक्षिणेला पिंजरे उचलायला. परत दुपारी तीन. नोंद तिनेच घेतली.

"जेवायला काय आहे?" त्याने रेडिओवरच विचारलं. हे नियमात बसत नाही.

"तू आणशील ते," ती म्हणाली.

तो आला नाही. चार वाजता आम्ही पडद्याकडे पाहिलं. दांड्यावर एक ठिपका, सहा बेचाळीसचा. त्यानंतर काही नाही. पोलिसांनी विचारलं, डबीचं काय? मी म्हणालो, निघाल्या निघाल्या बंद पडलेली दिसते. डब्या बंद पडतात. मग जिथे जातो म्हणाला होता तिथे, दक्षिणेला, आठ दिवस शोध चालला. दोन विमानं आणि गावातली प्रत्येक बोट. पिंजऱ्याचा साधा तरंगता बोयासुद्धा सापडला नाही.

नोएलीन तिसऱ्या आठवड्यात कामावर आली. किटली, दाब, मीठ. 'करलू'ची नोंद तिने मिटवू दिली नाही.

"त्याने सांगितलेलं नाही," ती म्हणाली, "आणि मी पाहिलेलं नाही." मग तिने दुसऱ्या बोटीची नोंद घेतली.

मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी होबार्टच्या मुख्य कचेरीतून ट्रेंटचा फोन आला. किनाऱ्यावरच्या सगळ्या खोल्यांचं काम ते स्वतःच्या नव्या यंत्रावर नेणार होते. आमची पाळी गुरुवारी दुपारी बारा वाजता.

"बाराला बोटींचे सगळे निरोप आमच्याकडे वळतील," तो म्हणाला. "पक्क्या नोंदी मी उचलून घेईन. त्याआधी उघडी सेशनं मिटवून ठेवा, मर्व. जे पक्कं नसेल ते राहील तिथेच आणि जाईल."

मी यादी काढली. सगळ्या बोटी आत होत्या, तरी एक सेशन उघडं होतं. उघडल्याची वेळ, नऊ मार्च, सहा बेचाळीस.

सफर मिटली नव्हती, म्हणून कंटेनरने ते परत घेतलं नव्हतं. मीच त्याला तसं सांगितलं होतं. आत बघायचं तर त्याच सेशनमधून बघावं लागणार होतं. मी कंटेनरकडे 'करलू'चं नाव दिलं आणि त्याने निमूट ते माझ्या हातात दिलं.

आत जागांच्या ओळी होत्या. पहिल्या सहा दक्षिणेकडे जाणाऱ्या. सातवीपासून बोट वळली होती, ईशान्येकडे. का वळली मला माहीत नाही. प्रत्येक ओळीवर वेळ एकच होती, सहा बेचाळीस. यात नवल नव्हतं. आमचा डेटाबेस सेशनच्या आत वेळ विचारली की ते उघडल्याची वेळ सांगतो. त्या सेशनच्या आत अजून नऊ मार्चची सकाळ होती. शोध झालेला नव्हता. नंतरच्या बोटी निघालेल्या नव्हत्या. वेळ मोजायची तर ओळी मोजायच्या, एकेक दहा मिनिटांची.

एकोणचाळिसाव्या ओळीला इंजिनाचा वेग संपत होता. म्हणजे दुपारी एकच्या सुमाराला. तिथून ती नुसती वाहत होती, दोन दिवस, जिथे शोध चालला होता त्याच्या नेमक्या उलट बाजूला. दोन दिवस एक विमान तिथे पाठवलं असतं तर पुरे होतं.

मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो. खाली दांड्यावर पांढऱ्या लाटा फुटत होत्या. मला अक्षर न् अक्षर शिकवणाऱ्या बाईचा नवरा मी एका ओळीने लपवून ठेवला होता.

बऱ्याच वेळाने आत आलो. पुढच्या सफरींसाठी ती ओळ पूर्वीसारखी केली. ओळी किती आहेत ते पाहिलं.

आठ हजार तीनशे बहात्तर.

डबीची बॅटरी तीन दिवस चालते. तीन दिवसांच्या ओळी साडेचारशे होत नाहीत. मी पुन्हा विचारलं.

आठ हजार तीनशे त्र्याहत्तर.

मी घाबरलो नाही. चूक शोधायची असते तेव्हा मी घाबरत नाही. दुसऱ्या कुणाच्या डबीला तोच क्रमांक गेला असेल, असं मला वाटलं. उपग्रहवाल्या कंपनीला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, ही डबी बारा मार्चपासून गप्प आहे. आमच्या यंत्राच्या दाराशी येणारे निरोप तपासले. 'करलू'कडून काहीही येत नव्हतं. बाहेरून काही येत नव्हतं आणि आत ओळ वाढत होती.

मग मी त्या जागा कागदावरच्या नकाशावर पेन्सिलीने मांडल्या. बारा मार्चनंतर ती खूप दूर गेली होती, पार जिथे आमच्या बोटी जात नाहीत तिथवर. ईस्टरच्या आसपास वळली होती. तेव्हापासून रेघ सरळ आमच्याकडे येत होती, ताशी अर्ध्या मैलापेक्षा थोड्या कमी वेगाने. वाहणारी वस्तू सरळ येत नाही. प्रवाह तिला फिरवतो.

चौतीस मैल उरले होते. मी भागाकार केला. गुरुवार, बारा वाजून वीस मिनिटं.

मंगळवारी सकाळी मी बेव्हनला गाठलं. तो धक्क्यावर शिंपल्यांची करी भरलेली गरम पेस्ट्री खात बसला होता.

"एका जागी जाऊन बघून येशील?" मी कागद दिला. "तेवीस मैल आहे."

"काय आहे तिथे?"

"माहीत नाही."

"माहीत नसलेल्या गोष्टीसाठी तेवीस मैल." त्याने बोटं पँटला पुसली. "म्हाताऱ्या, डिझेल काय तुझ्या विहिरीतून येतं?" पण कागद त्याने खिशात घातला. त्या आठ दिवसांत सगळ्यात जास्त वेळ बाहेर राहिलेला माणूस तोच होता.

दुपारी तो परत आला आणि रेडिओवर न बोलता चढण चढून खोलीत आला. नोएलीन जेवायला घरी गेली होती. तो बसला नाही.

"काही नाही तिथे," तो म्हणाला. "खाली साठ वाव खोल पाणी. यंत्रावर माशाचा ठिपकासुद्धा नाही."

"बरं."

"वारा होता, मर्व. सगळीकडे पाणी खडबडीत. तुझ्या त्या जागेपासून मागे पूर्वेकडे एक पट्टा मात्र सपाट होता. बोट नुकती जाऊन गेली की राहतो ना मागे, तसा." त्याने टोपी काढून परत घातली. "मी त्याच्यावरून गेलो नाही. बाजूने आलो."

तो का, काय, काही न विचारता गेला.

तिला सांगायला मी बुधवार दुपारपर्यंत वेळ लावला. दोन दिवस मी रोज सकाळी तिच्या हातचा चहा प्यायलो आणि गप्प बसलो. दुसरं काही नाही, ती माझ्याकडे कशी बघेल याची भीती होती. बुधवारी अकरा मैल उरले होते.

"नोएलीन, बस जरा."

"उभी बरी आहे. बोल."

मी सांगितलं. आधी माझी ओळ, मग ते दोन दिवस. ती खिडकीकडे तोंड करून ऐकत होती.

"दोन दिवस?" तिने विचारलं.

"हो."

"उन्हात?"

"ढग होते. मी हवामान पाहिलं."

"पाहिलंस तू. आणि सोमवारपासून माहीत आहे तुला."

"हो."

"दोन दिवस माझा चहा ढोसलास."

मग मी पुढचं सांगितलं, आठ हजार ओळींचं. वाटलं होतं की आता तरी ती ओरडेल, नाहीतर रडेल. तिने चष्मा लावला आणि माझ्या खुर्चीवर बसली.

"दाखव."

ती ओळी वाचत गेली, वर्गात माझी वही वाचायची तशी, ओठ न हलवता. शेवटच्या ओळीशी थांबली. दहा मिनिटांनी खाली नवी ओळ आली. तिने ती वाचली आणि नकाशावर बोट ठेवलं.

"दांड्याच्या उत्तरेच्या तोंडातून यायचं चाललंय. मार्चमध्ये तिथे वाट होती. आता नाही."

"त्याला ते माहीत नसेल," मी म्हणालो आणि जीभ चावली.

मग मी तिला अडचण सांगितली. उद्या बाराला हे सेशन तुटणार. पक्कं न करता तुटलं तर सगळं जाईल, ते दोन दिवसही, मी काय केलं तेही. आत्ता पक्कं केलं तर सगळं उजेडात येईल, पण सेशन मिटेल. मिटल्यावर त्याला लिहायला जागा राहणार नाही. तो अकरा मैलांवर असेल, तिथेच राहील. आणि तो पोचणार बारा वीसला.

"अर्धा तास माग."

मी ट्रेंटला फोन केला. तिच्यासमोरच.

"नाही जमणार, मर्व," तो म्हणाला. "उद्या तुमच्या पाच बोटी बाहेर असणार. निरोप दोन्हीकडे फाटले तर उद्या आणखी कुणी हरवेल. तुम्हीच सांगा, चालेल?"

त्याचं बरोबर होतं. मी फोन ठेवला.

"आता सांग," मी नोएलीनला म्हणालो. "आत्ता पक्कं करू? निदान तो कुठे होता ते तरी कागदावर येईल."

"नियम काय आहे?"

"त्याने सांगायचं, नाहीतर आपण पाहायचं."

"मग मला काय विचारतोस?" तिने चष्मा काढला. "आणि तुझा भागाकार चुकलाय. तू भरती धरली नाहीस. उद्या साडेनऊला पाणी आत वळतं. शेवटच्या मैलात त्याला ढकलणारं कुणी असेल. पावणेबाराच्या पुढेमागे येईल."

गुरुवारी पायऱ्यांवर दव गोठलं होतं. आभाळ स्वच्छ, वारा नाही, समुद्र कढईतल्या तेलासारखा. पाच बोटी गेल्या, पाच नोंदी उघडल्या.

दहा चाळीसला अर्धा मैल.

अकरा दहाला दांड्याची बाहेरची कड. वेग दुप्पट झाला होता.

मी दुर्बीण लावली. लहान, स्वच्छ लाटा. उत्तरेच्या बाजूला पाण्यावर सीगल पक्ष्यांचा थवा बसला होता.

अकरा वीसची ओळ आली. दांड्याच्या मधोमध.

थव्याच्या मध्ये एक रेघ पडली. पक्षी उडाले नाहीत. डावे डावीकडे सरकले, उजवे उजवीकडे. वाट करून दिल्यासारखे. रेघ त्यांच्या मागे मिटली.

नोएलीनने कोट घातला.

"कुठे चाललीस?"

"कुणीतरी दोर घ्यायला हवा," ती म्हणाली. दारात वळून म्हणाली, "तू रेडिओपाशी राहा. तो आधी तुझ्याशी बोलेल."

ती उताराने खाली गेली. धक्क्यावर दुसरं कुणी नव्हतं.

अकरा चाळीस. धक्क्यापासून ऐंशी यार्ड.

अकरा पन्नास. वेग शून्य.

ती धक्क्याच्या कडेला उभी होती. मी पाहिलं, तिने हात वर करून काहीतरी झेललं. खाली वाकून ते खांबाभोवती घेतलं. एक वेढा, दोन वेढे, मग आडवी गाठ. मग सहा पावलं चालून दुसऱ्या खांबाशी गेली आणि पुन्हा तेच. तिच्या हातात काही नव्हतं. खांबांभोवती काही नव्हतं.

रेडिओ उघडला.

आवाज नाही. पलीकडे कुणी बटण दाबून धरलं की येते ती पोकळी. तिच्या मागे पाणी लाकडाला लागत होतं.

"'करलू', ऐकतोय," मी म्हणालो. "नोंद मिटवायची?"

एक टिचकी आली. ज्याचा माईक बिघडतो तो बटणाने हो म्हणतो, आमच्या बोटींत सगळे तसंच करतात.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो. विचारल्याशिवाय नोंद मिटत नाही.

"माणसं किती?"

मी वाट पाहिली. घड्याळात अकरा चोपन्न. पंचावन्न.

एक टिचकी.

मी रकान्यात एक लिहिला आणि बटण दाबलं. सेशन पक्कं झालं आणि मिटलं. कंटेनरने ते परत घेतलं. भिंतीवरच्या पडद्यावर लाल रेघ एकदम उमटली. दक्षिणेला थोडी, मग ईशान्येला, मग नकाशाच्या कडेपर्यंत, आणि तिथून सरळ धक्क्यापर्यंत.

बारा वाजून सहा मिनिटांनी ट्रेंटचा फोन आला. "सगळं आलं. एक नोंद विचित्र आहे, निघायची आणि पोचायची वेळ एकच दिसते. घड्याळाचा घोळ?"

"हो," मी म्हणालो.

त्याच दिवशी मी पोलिसांना सगळं लिहून दिलं. जूनमध्ये चौकशी झाली. पहिल्या तीन दिवसांच्या ओळी पुरावा म्हणून धरल्या. पुढच्या आठ हजार यंत्राचा दोष म्हणून बाजूला काढल्या. माझी चूक माझ्या नावावर लिहिली गेली, ते योग्यच झालं. बाहेर आल्यावर मी नोएलीनला म्हणालो, माझ्यामुळे तो गेला. तिने माझ्या बाहीवरचा धागा काढला आणि म्हणाली, "आलाय ना आता." किटली फेकून मारली असती तर बरं वाटलं असतं.

ती अजून सकाळी कामावर येते. फक्त ओहोटी लागली की कोट घालून खाली जाते, खांबाशी वाकते, पाणी उतरताना दोर ताणू नये म्हणून थोडं सैल सोडते. भरतीला परत जाऊन ओढून घेते. धक्क्याची ती जागा सगळ्यात सोयीची आहे. मे महिन्यापासून तिथे कुणी बोट लावलेली नाही.

जुलैमध्ये तिला ताप आला. दुपारी दोनला तिने घरून फोन केला.

"पाणी उतरतंय, मर्व. हातभर सोड, जास्त नको. त्याची बोट हलकी आहे, फिरेल."

मी नाही म्हणू शकत नव्हतो. खाली गेलो. स्वच्छ ऊन होतं. बेव्हन त्याच्या बोटीवर पिंजऱ्याची जाळी शिवत बसला होता. त्याने वर पाहिलं नाही.

मी मोकळ्या खांबासमोर उभा राहिलो. काय करावं कळेना.

"पुढचा आधी," बेव्हन जाळीकडे बघत म्हणाला.

मी पुढच्या खांबाशी गेलो, वाकलो आणि हात पुढे केला. दोर ओला होता, थंड होता आणि ताणलेला होता. गाठ सुटेना. मी दोन्ही हातांनी धरून थांबलो. तेव्हा पलीकडून कुणीतरी तो थोडा ओढून धरला, मला गाठ सोडता यावी म्हणून.